डाव्या वळणाचा घोडा

विंचकोम, ६ जानेवारी १९८५

प्रिय डर्व्हला,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र न वाचता चुलीत घातलं नसशील, तर आधी त्याबद्दल आभार. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझा लोर्कन गेला तेव्हा त्याचा सख्खा भाऊ असून मी आलो नाही, नुसती फुलं पाठवली. ती तू कुठे ठेवलीस हे विचारायची माझी हिंमत नाही.

लिहिण्याचं निमित्त असं. गेल्या उन्हाळ्यात मी पेपरातून निवृत्त झालो. तीस वर्षं घोड्यांचा फॉर्म लिहिला, म्हणजे कुठला घोडा कुठे पळाला, कितवा आला, का मागे पडला. आता कोणी विचारत नाही तरी सवय सुटत नाही. आयर्लंडचे निकाल अजून दर आठवड्याला मागवतो. नोव्हेंबरात क्लॉनमेलच्या शर्यतीखाली वाचलं: पहिला, टर्फकटर. ट्रेनर मिसेस डी. हेफर्नन, जॉकी मिस ओ. हेफर्नन. चहा गार झाला. डिसेंबरात थर्ल्सला पुन्हा तेच. या वेळी आठ घोड्यांच्या लांबीएवढ्या फरकानं.

तुमची ओर्ला मी शेवटची पाहिली तेव्हा बारा वर्षांची होती, गुडघे फुटलेली. ती आता शर्यती जिंकते. तू त्याच आवारात, त्याच पागेतून घोडे काढतेस. मला फार बरं वाटलं, एवढंच सांगायचं होतं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

फिंटन

*

बॅलिनराह, क्लॉनमेलजवळ, १५ जानेवारी

प्रिय फिंटन,

फुलं शवपेटीवर ठेवली होती. कोणाची म्हणून लोकांनी विचारलं, मी सांगितलं नाही.

पत्र चुलीत घातलं नाही, पण आठ दिवस चुलीवरच्या फळीवर ठेवलं होतं. पोस्टातल्या मिसेस क्वर्कनं इंग्लंडचा शिक्का बघून गावभर केलं असणार, तेव्हा न वाचून उपयोग काय!

ओर्लाला तुमच्या पत्राचं सांगितलेलं नाही. तिच्यासमोर तुमचं नाव निघत नाही. एवढं समजून घ्या.

घोड्याचं नाव काढलंत म्हणून लिहिते. टर्फकटर सहा वर्षांचा आहे. तांबूस, पाय लांब, अक्कल बेताची, पोट मात्र गाईसारखं. मालक म्हणजे आमचे डॉक्टर नॅगल, त्यांना घोड्याचं पुढचं टोक कुठलं हेही नक्की ठाऊक नाही, पण माणूस सोन्यासारखा. आमच्या पागेत आता सातच घोडे आहेत. एके काळी तीस होते, ते तुम्हाला माहीतच आहे.

डॉक्टरांच्या डोक्यात तुमच्याकडचा चेल्टनहॅमचा मोठा मेळावा शिरलाय. मार्चमधली पहिल्या दिवसाची पहिली शर्यत, नवख्या घोड्यांची. ओर्ला तर रोज त्याच गोष्टी करते. मला काही सुचत नाही. तुमच्या वह्यांत या शर्यतीबद्दल काही असेल तर कळवा. आमच्यात ते बघणारं आता कोणी नाही.

डर्व्हला

*

विंचकोम, २१ जानेवारी

प्रिय डर्व्हला,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी घरातल्या घरात टाय लावून बसलो होतो, असं शेजारीण सांगते. मला आठवत नाही.

आता कामाचं. या शर्यतीची माझी वही एकोणीस वर्षांची आहे. तिच्यातून निघतं ते असं. जिंकणारे बहुतेक पाच-सहा वर्षांचे, म्हणजे तुमचा बसतो. त्याआधी अडथळ्यांवरून निदान तीनदा पळालेले. तुमचा दोनदाच पळालाय, तेव्हा आणखी एक शर्यत हवी. शेवटच्या शर्यतीत जिंकलेले, आणि तीही फार जुनी नसलेली, पाच-सहा आठवड्यांच्या आतली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खूप घोड्यांच्या गर्दीत पळून आलेले. क्लॉनमेलला अकरा घोडे होते. इथे वीस-बावीस असतात, पहिल्या अडथळ्यापर्यंत जणू आगगाडी सुटते. उतारावर जो श्वास घेऊ शकतो तोच शेवटच्या चढावर उरतो.

आकडे म्हणतात, तुमचा घोडा पहिल्या सहात येणार नाही. पण आकड्यांनी टर्फकटरला पाहिलेलं नाही, मीही नाही.

फेब्रुवारीत नावनला एक चांगली शर्यत आहे. तिथे पळवून बघ.

आणि एक. माझ्या वह्यांवर फार विसंबू नकोस. मी एकदा फॉर्म चुकीचा वाचला होता. कधी, ते तुला सांगायला नको.

फिंटन

*

बॅलिनराह, ३० जानेवारी

प्रिय फिंटन,

वहीबद्दल आभार. मी ते सगळं डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हा माणूस माझ्या रोग्यांसारखा बोलतो, आधी वाईट सांगतो आणि मग म्हणतो, पण तसं काही नाही." खूप हसलो. ओर्लानं विचारलं, हे कुठून आणलंस. मी म्हटलं, इंग्लंडातला एक जुना ओळखीचा आहे.

नावनला नाव घातलं आहे. नऊ तारखेला.

तुमच्या शेवटच्या ओळींबद्दल मी काही लिहीत नाही. लिहिता येत नाही.

इथे कडाक्याची थंडी आहे. पागेतलं पाणी सकाळी हातोडीनं फोडावं लागतं. टर्फकटर मात्र बर्फाचे तुकडे कडाकडा चावून खातो, गोळ्या खाल्ल्यासारखा, तेही तोंड वाकडं करून एका बाजूनं. बघितलं असतंत तर हसला असतात.

डर्व्हला

*

विंचकोम, १२ फेब्रुवारी

प्रिय डर्व्हला,

नावनचा निकाल वाचला. सहावा. मी तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, टर्फकटर शेवटच्या वळणापर्यंत पुढच्या चारात अगदी आरामात होता. वळणावर एकदम डोकं वर गेलं, बाहेरच्या बाजूला वाहवत गेला, आणि ओर्लानं त्याच्यावर चाबूक उचललाच नाही. शेवटपर्यंत हात बांधून बसली.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं. अकरा वर्षांपूर्वी असंच एक वर्णन माझ्या टेबलावर आलं होतं. लोर्कनच्या पागेतली घोडी ग्लेन बेल लिमरिकला शेवटच्या दोन अडथळ्यांवर एकदम मंदावली आणि तीन आठवड्यांनी, कोणी तिच्यावर पैसे लावत नसताना, बारा लांबींनी जिंकली. मी दोन्ही शर्यती शेजारी शेजारी ठेवून पेपरात लिहिलं, की पहिल्या वेळी घोडीला आवरून धरलं होतं. चौकशी झाली. लोर्कननं शपथेवर सांगितलं की लिमरिकला घोडी खोकत होती. सिद्ध काही झालं नाही, पण मालकांनी घोडे नेले. त्यानं मला एकच ओळ लिहिली: "घोडी खोकत होती आणि मला भाऊ नाही."

तेव्हा मी त्याला विचारलं नव्हतं. म्हणून आज तुला विचारतो, फक्त तुला, आणि कुठेही लिहिण्यासाठी नाही. नावनला घोड्याला आवरून धरलं होतं का? मार्चमध्ये पैजेत भाव चांगला मिळावा म्हणून? तसं असेल तर हे करू नकोस, डर्व्हला. ओर्लाला यात ओढू नकोस.

फिंटन

*

बॅलिनराह, १६ फेब्रुवारी

फिंटन,

'प्रिय' लिहायचं जिवावर आलंय.

माझी मुलगी नावनहून आली तेव्हा तिच्या दोन्ही तळहातांना फोड होते. घोडा वळेना म्हणून ती सगळी ताकद लावून ओढत होती, आणि तुमचा सहकारी वर काचेमागे बसून म्हणतो हात बांधून बसली! मारलं नाही, कारण घोडा काहीतरी सांगत होता आणि तिला ते कळलं. घरी येऊन रडली. जेवली नाही.

अकरा वर्षांनी पहिलं पत्र लिहिलंत तेव्हा मला वाटलं माणूस बदलला. तुम्हाला घोडा दिसत नाही, जॉकी दिसत नाही, फक्त लबाडी दिसते. चेल्टनहॅमला आम्ही येऊ किंवा न येऊ, तुम्ही त्या दिवशी घरी बसा.

डर्व्हला हेफर्नन

*

विंचकोम, २० फेब्रुवारी

प्रिय डर्व्हला,

मला माफ कर. मी दुसऱ्यांदा तीच चूक केली, आणि या वेळी माझ्याजवळ पेपराच्या घाईचं निमित्तही नाही.

पुढचं वाचायची इच्छा नसेल तर थांब. पण वाच, घोड्यासाठी.

तुझं पत्र आल्यावर मी वही पुन्हा उघडली आणि या खेपेस फक्त मैदानं पाहिली. क्लॉनमेल उजव्या वळणाचं, थर्ल्स उजव्या वळणाचं. गेल्या वर्षी तो सपाट, बिनअडथळ्यांच्या शर्यतीत गौरनला दुसरा आला, तेही उजव्या वळणाचं. नावन डाव्या वळणाचं आहे. हा घोडा जन्मात पहिल्यांदा डावीकडे वळत पळाला. आणि तुमची सरावाची चढण, लोर्कननं आखलेली, तीही उजवीकडेच वळते ना? फाटकापासून वर कडेकडेनं?

तू लिहिलंस घोडा काहीतरी सांगत होता. ओर्लाला म्हणावं, त्याला शेतात डावीकडे फिरवून बघ. हळू, चालवत. आणि त्याचं तोंड बघा. तो बर्फ एका बाजूनं चावतो असं तूच लिहिलं होतंस.

चेल्टनहॅमही डाव्या वळणाचं आहे. म्हणून घाईनं लिहितो.

फिंटन

*

बॅलिनराह, २५ फेब्रुवारी

प्रिय फिंटन,

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. मी ओर्लाला म्हटलं, त्याला खालच्या शेतात डावीकडे फिरव. "कोणी सांगितलं?" म्हणाली. मी म्हटलं, फिरव तर खरं. दुसऱ्याच फेरीला डावा लगाम ओढला तशी त्यानं मान अशी झटकली की ओर्ला त्याच्या कानाशी आली. उजवीकडे फिरवला तर कोकरासारखा.

शनिवारी दात बघणारे मिस्टर टूहिल आले. टर्फकटरच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून म्हणाले, "बाईसाहेब, या बिचाऱ्याच्या डाव्या बाजूच्या मागच्या दाढेला सुरीसारखी धार आलीय. आतून गाल सोलून निघालाय. डावा लगाम ओढला की लोखंडी कडी गाल दाबते आणि दाढ त्यात रुतते. तुम्ही असतात तर तुम्हीही डोकं वर केलं असतंत." कानशीनं दाढ घासून सारखी केली. टर्फकटरनं त्यांची टोपी खाल्ली, अर्धी. जखम दहा दिवसांत भरेल म्हणाले. तोपर्यंत तोंडात कडी घालायची नाही, दोरीवरच फिरवायचं.

मी ट्रेनर म्हणवते आणि ते मला दिसलं नाही. तुम्हाला समुद्रापलीकडून दिसलं. तुम्हाला रागानं लिहिलेलं परत घेत नाही, कारण तुम्ही जे विचारलंत ते वाईटच होतं. पण आभार मानते.

आम्ही येतो आहोत. बारा मार्च. घरी बसा म्हटलं होतं, ते मात्र परत घेते.

डर्व्हला

*

विंचकोम, २ मार्च

प्रिय डर्व्हला,

मैदान माझ्या घरापासून सात मैलांवर आहे. लोर्कनच्या त्या ओळीनंतर मी कुठल्याही मैदानात पाऊल टाकलं नाही. पेपराचं काम बसल्या जागी केलं, फोनवर आणि निकालांवर. संपादकांना वाटायचं माझे गुडघे दुखतात.

बारा तारखेला येईन. मागे कुठेतरी उभा राहीन, ओर्लासमोर येणार नाही. तिला सांगू नकोस, उगाच मन विचलित व्हायचं.

चौथ्या अडथळ्याला गर्दी होते, तिथे तिला घोडा बाहेरून घ्यायला सांग. आणि उतारावर घोड्याला मोकळं सोडायचं, लढायचं नाही.

फिंटन

*

बॅलिनराह, १७ मार्च, पॅट्रिकचा सण

प्रिय फिंटन,

मिरवणूक बघायला सगळं गाव क्लॉनमेलला गेलंय. घरात मी एकटी. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

शर्यतीचं आधी, कारण ते सोपं आहे. तुम्ही पाहिलंतच, पण मला ते पुन्हा सांगायचंय. एकवीस घोड्यांत तो बारीक दिसत होता. चौथ्याला तिनं बाहेरून घेतला. उतारावर सोडला. शेवटच्या डाव्या वळणावर मी डोळे मिटले आणि डॉक्टरांनी माझा दंड इतका आवळला की अजून काळानिळा आहे. "वळला!" ते ओरडले, "मिसेस हेफर्नन, वळला!" मी डोळे उघडले तेव्हा तो आत, कठड्याला लागून, कान टवकारून पळत होता. शेवटून दुसऱ्या अडथळ्याला पाय घासला, नाहीतर दुसरा आला असता. तिसरा. सात घोड्यांच्या पागेतला घोडा त्या शर्यतीत तिसरा.

आणि मग ते झालं. पहिल्या तिघांना जिथे आणतात तिथे मी लगाम धरून उभी होते. तुम्ही कठड्यापलीकडे होतात. मागे राहीन म्हणाला होतात, पण राहवलं नाही, हे मला चेहऱ्यावरून कळलं. ओर्लानं खोगीर उतरवलं, वर बघितलं आणि ओळखलं. तिच्या बाबांचंच नाक तुमचं.

"तुम्ही फिंटन हेफर्नन ना?" म्हणाली. "माझ्या बाबांची वाट लावलीत ते?"

"हो," तुम्ही म्हणालात. "मीच तो."

"मग इथे काय बघायला आलात? आता कोणाबद्दल लिहायचंय?"

"कोणाबद्दल नाही. तू फार सुंदर चालवलास घोडा."

"तुमच्याकडून नकोय मला ते," असं म्हणून ती शर्यतीनंतरचं जॉकीचं वजन द्यायला निघून गेली. तुम्ही हातात टोपी घेऊन तिथेच उभे. आणि मी घोड्याचा घाम पुसत राहिले. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत, जणू म्हणत होतात की बरोबरच आहे तिचं, आणि गर्दीत दिसेनासे झालात.

फिंटन, ग्लेन बेल खोकत नव्हती.

तिला रोज सकाळी मी दाणा द्यायचे. लिमरिकच्या आदल्या दिवशी ती चढणीवर वाऱ्यासारखी गेली होती. लोर्कननं तिला आवरून धरायला सांगितलं होतं. तुम्ही लिहिलंत ते अक्षर न् अक्षर खरं होतं. त्या वर्षी आम्ही बुडायच्या बेतात होतो आणि त्याला दुसरी वाट दिसली नाही. शपथ खाऊन आला त्या रात्री तो जेवला नाही. पुढे मालक गेले तसा तो मनातून मोडत गेला, पण तुमचा राग म्हणून नव्हे. स्वतःचा.

याहून वाईट पुढे आहे. जायच्या आधी तीन दिवस इस्पितळात त्यानं मला सांगितलं, "फिंटनला कळव. त्याला म्हणावं तू बरोबर होतास." मी हो म्हटलं. आणि चार वर्षं कळवलं नाही. कारण ओर्ला. बाबांवर अन्याय झाला हे तिच्या मनात इतकं घट्ट होतं की त्यावरच ती उभी होती. शाळेत पोरं बोलायची, तेव्हा ती मारामाऱ्या करून यायची. ती घोड्यावर बसली तीच हेफर्नन नाव धुऊन काढायला. मला वाटलं, दूर इंग्लंडात एक माणूस चुकीच्या समजुतीत जगतोय, जगू दे. मग तुमची पत्रं आली. "मी एकदा फॉर्म चुकीचा वाचला," असं तुम्ही लिहिलंत आणि मी ते वाचून गप्प बसले. नावनवरून तुम्हाला लबाडी दिसते असं सुनावलं, तेव्हाही मला सगळं माहीत होतं.

परतीच्या बोटीवर मी ओर्लाला सांगितलं. सगळं. ती वर डेकवर गेली आणि रॉसलेअर बंदर येईपर्यंत खाली आली नाही. पाच दिवस झाले, घोड्यांपुरतं बोलते.

माफी मागायची कशी ते मला कळत नाही. एवढंच लिहिते.

डर्व्हला

*

विंचकोम, २४ मार्च

प्रिय डर्व्हला,

मी बरोबर होतो हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी मागच्या बागेत गेलो आणि बराच वेळ कुदळ धरून उभा राहिलो. लोर्कन किती एकटा पडला असेल, एवढंच मनात येत राहिलं.

फॉर्म बरोबर वाचला होता, ठीक. पण माझी चूक फॉर्ममध्ये नव्हतीच. मी टेबलावरून उठून थेट तुमच्या स्वयंपाकघरात यायला हवं होतं आणि म्हणायला हवं होतं, "लोर्कन, काय चाललंय?" त्यानं सांगितलं असतं. तो मला तोंडावर खोटं सांगू शकत नसे, लहानपणापासून. मी आधी छापलं. नावनच्या वेळी तुला आधी विचारलं, वाईट शब्दांत का होईना, म्हणून तू मला ओरडलीस, आणि त्या ओरडण्यातूनच घोड्याची दाढ सापडली. हे मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी करायला हवं होतं, ते एकोणसाठाव्या वर्षी केलं.

तू गप्प राहिलीस ते पोरीसाठी. मला त्याचा राग येत नाही. आत शोधून बघितलं, पण खरंच येत नाही.

ओर्लाला घाई करू नकोस. आणि टर्फकटरचं पुढे काय? तिसऱ्या क्रमांकावर आलेले पुढच्या हंगामात चांगले निघतात. माझ्या वहीत सहा उदाहरणं आहेत.

फिंटन

*

बॅलिनराह, १ एप्रिल

फिंटनकाका,

मी ओर्ला. आईनं तुमची सगळी पत्रं माझ्यासमोर टाकली आणि म्हणाली, "वाच, आणि मग काय ते बोल." मी वाचली. दोनदा.

तुम्हाला मी त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोलले ते चुकीचं होतं. ते लिहायला जड जातंय, पण लिहिते. बाबांनी केलं ते मला अजून नीट गिळता येत नाही. कधी राग येतो, कधी वाटतं त्यांनी मला सांगितलं असतं तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले असते, तेही सगळं माहीत असून. आईशी कालपासून बोलायला लागले. तिनं सोड्याचा पाव जाळला, त्यावरून भांडलो, मग बरं वाटलं.

टर्फकटर आता डावीकडे वळतो आणि वळून माझ्याकडे बघतो, शाबासकीसाठी. ईस्टरच्या सोमवारी फेअरीहाऊसच्या शर्यतीत त्याला घालतोय. तुम्ही या. रविवारीच या, आमच्याकडे उतरा. माडीवरची खोली मी झाडून ठेवली आहे. डॉक्टर नॅगल म्हणतात त्यांना तुमची वही बघायचीय, तेव्हा ती आणा. पण मला वहीतलं काही नकोय.

मला दुसरंच विचारायचंय. प्रत्येक शर्यतीआधी मला ओकारी येते. चेल्टनहॅमलाही आली, वजनाच्या खोलीमागे, कोणाला सांगितलं नाही. आईला विचारलं, बाबांना असं व्हायचं का? ती म्हणते, ती भेटली तोवर त्यांनी जॉकीचं काम सोडलं होतं, तिला माहीत नाही. त्या काळात त्यांच्याबरोबर तुम्ही होतात.

व्हायचं का त्यांना असं?

ओर्ला